आतून लावायची कडी

मंगळवार, चौदा ऑक्टोबर, सकाळी अकरा वाजून वीस मिनिटं. वेळ आधी लिहून ठेवते, म्हणजे "ही केव्हाची गोष्ट?" असं विचारून तुम्हाला विषयाला फाटे फोडता येणार नाहीत. त्या वेळी माझ्या घरात, माझ्या मुलानं, गुडघ्यांवर बसून, त्याच्या खोलीच्या दाराला आतून लावायची सहा इंची स्टीलची कडी बसवली. कडी तुमच्या दुकानातली. स्क्रू तुमच्या दुकानातले. ड्रिल मशीन तुमचं, आणि तेही तुम्ही स्वतः पिशवीत घालून दिलेलं. इतकी वर्षं हार्डवेअरचं दुकान चालवणाऱ्या माणसाला, आपला सख्खा भाचा आतून लावायची कडी मागतो आहे तेव्हा "कशाला रे?" एवढं विचारायला किती श्वास लागतो, ते मला कळवावं. सहा दिवस मी राग शांत व्हायची वाट पाहिली. आज सोमवार, वीस तारीख, सकाळचे सव्वाअकरा. राग जिथे होता तिथेच आहे, म्हणून लिहायला बसले.

तर तीर्थरूप दादांना धाकट्या बहिणीचा नमस्कार. (नमस्कार मनापासून आहे. त्याचा तक्रारीशी संबंध नाही.) तब्येत बरी असेल. रक्तदाबाची सकाळची गोळी सकाळीच घेत असाल, दुपारी आठवली म्हणून दुपारी नाही. वहिनींचा उजवा गुडघा कसा आहे? त्यांना सांगा, व्यायाम दिवसातून दोनदा करायचा असतो, पाहुण्यांना करून दाखवायचा नसतो. माझं म्हणाल तर नाडी शहात्तर, भूक ठीक, झोप नाही. तुम्हाला मुलांच्या शाळेत घातलं आणि मला कॉन्व्हेंटमध्ये, त्यामुळे कितीही संताप असला तरी आधी समोरच्याची चौकशी करावी हे मला शिकवलेलं आहे. चौकशी झाली.

आता तुम्ही म्हणाल, छत्तीस वर्षांच्या पुरुषानं आपल्या खोलीला कडी लावली तर बिघडलं काय. हेच तुम्ही त्या दिवशी म्हणालात असं ऐकते. म्हणून पहिल्यापासून सांगते, कारण जानेवारीपासून तुम्ही आमच्याकडे चार वेळा आलात आणि चारही वेळा क्रिकेटवर बोललात.

चिरंजीव जानेवारीत दोन बॅगा आणि पुठ्ठा कापताना खाली अंथरायची एक हिरवी कटिंग मॅट घेऊन दारात उभे राहिले. पंधरा दिवसांसाठी. आर्किटेक्टच्या ऑफिसात तो इमारतींची छोटी मॉडेलं करायचा हे तुम्हाला ठाऊक आहे. नखाएवढ्या खिडक्या, काडीएवढे कठडे, आणि जिन्याची प्रत्येक पायरी वेगळी कापलेली. मग कॉम्प्युटरवरच इमारतीत फिरून येता येऊ लागलं आणि ऑफिसनं ती खोलीच बंद केली. त्याच महिन्यात सूनही त्याला सोडून तिच्या मार्गानं गेली. (तिच्याबद्दल मी वाईट बोलणार नाही. बोलले असते, पण ती माझ्याशी शेवटपर्यंत नीट वागली, ही माझी अडचण आहे.) तेव्हापासून त्याच्या हातून पुठ्ठ्याचं एक खोकंसुद्धा झालं नाही. मॅट कपाटावर गुंडाळून ठेवलेली. दिवसभर खोलीचं दार लोटलेलं, पडदा ओढलेला, आणि हा भिंतीकडे तोंड करून. जेवायला हाक मारली की येणार, "छान झालंय" म्हणणार आणि निम्मं ताट ठेवून उठणार. सुरुवातीला मी चिडले. चिडणं मला जमतं. मग मे महिन्यात कधीतरी मी घाबरायला लागले, आणि ते मला जमत नाही. माझ्या नर्सच्या सगळ्या नोकरीत घाबरणं हे नातेवाइकांचं काम होतं. मी फक्त त्यांना बाकावर बसवत असे.

आमच्याच हॉस्पिटलात आता एक समुपदेशक बाई बसते. (माझ्या हाताखाली नर्सिंग शिकायला होती. सुई बघून तिलाच घेरी यायची, म्हणून तिनं हा मार्ग धरला. आता मात्र डोळे न मिटता समोरच्याला टोचते.) तिच्याकडे गेले. तिनं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, मॅडम, घरात नियम ठरवा, थोडे, स्पष्ट, दोघांना मान्य होतील असे, आणि लिहून काढा. लिहून काढायचं म्हटल्यावर मी खूश झाले. रात्री बसून एकवीस नियम काढले, पोटनियम वेगळे. तिनं त्यातले सतरा खोडले. उरले ते असे: नवाला उठणं, आपलं ताट आपण घासणं, मंगळवारी आणि शुक्रवारी घराबाहेरची कामं त्यानं करणं, आठवड्यातून एकदा तिच्याकडे येणं. मग पेन माझ्याकडे सरकवून म्हणाली, आता तुमच्यासाठी एक. मी म्हटलं, घर माझं, मला नियम कशाला? ती काहीच बोलली नाही. (ही युक्ती तिला मीच शिकवली होती, गोळी न घेणाऱ्या पेशंटांसाठी.) शेवटी चिरंजीवांनाच विचारलं. त्यांनी एका ओळीत सांगितलं: आईनं दार वाजवावं, आणि उत्तर येईपर्यंत थांबावं. मी सही केली. दोन प्रती, एक फ्रिजवर, एक फाइलमध्ये.

इथे मला एक कबुली द्यायची आहे, ती तुम्ही वहिनींना वाचून दाखवू नये. मी तो नियम एक दिवसही पाळला नाही. मुद्दाम नव्हे. आमच्या कामात दार वाजवणं आणि उघडणं ही एकच क्रिया असते. बोटांची पेरं लाकडाला लागेपर्यंत दुसरा हात मुठीवर फिरलेला असतो. एवढ्या वर्षांचा हात आहे, सहीनं तो कसा बदलणार? शिवाय कॉन्व्हेंटच्या होस्टेलात आम्हाला दार लावायची परवानगीच नव्हती. मदर सुपीरियर म्हणायच्या, बंद दाराआड माणूस एकतर प्रार्थना करतो नाहीतर पाप, आणि प्रार्थनेला दार लावावं लागत नाही. तर मी जायची. अकराला, एकला, तीनला, पाचला. वॉर्डाचा राउंड असतो तसा. तो झोपलेला असायचा. मी वाकून नाकापाशी हात धरायची, छातीकडे बघायची, मनगटावरच्या घड्याळात एक मिनिट मोजायची आणि बाहेर येऊन लिहून ठेवायची.

हो, लिहून ठेवायची. चार्ट होता. रेघा मारलेला, तीन रकान्यांचा: वेळ, श्वास, शेरा. "अकरा, चौदा, नियमित, कुशीवर." "तीन, चौदा, नियमित, तोंड भिंतीकडे." "एक, चौदा, दाढी वाढली आहे." मे महिन्यापासूनचे सगळे कागद मी टेबलाच्या खणात मेणकापडाखाली ठेवले होते. सोमवारी, तेरा तारखेला, चिरंजीवांना सेलोटेप हवी होती.

त्यानं आरडाओरडा केला असता तर मी दुप्पट आवाजात उत्तर दिलं असतं आणि विषय संपला असता. त्यानं खणासमोर उभं राहून सगळे कागद वाचले, एकेक. मी ओट्यापाशी उभी राहून धुतलेली भांडी पुन्हा धूत होते. मग त्यानं कागद नीट जुळवून होते तसे मेणकापडाखाली ठेवले, चपला घातल्या आणि तुमच्याकडे आला. पुढचं तुम्हाला ठाऊक आहे, फक्त तुम्हाला वाटलं भाचा सुधारला, ड्रिल मागतोय.

(एक वाजला. टकटक झाली. ही काय भानगड ते पुढे येईल, मध्येच थांबून सांगितलं तर माझा राग विस्कटेल.)

कडीची मला एवढी भीती का, हे मी तुम्हाला कधी सांगितलेलं नाही. कोणालाच नाही. फार वर्षांपूर्वी आमच्या सहा नंबरच्या वॉर्डात एक पेशंट होता, शांत, हसून बोलणारा, शाळेत चित्रकला शिकवायचा. एका सकाळी तो बाथरूममध्ये गेला आणि आतून कडी लावली. मी नवी होते. वाजवलं. उत्तर नाही. मला वाटलं, माणसाला थोडा एकांत हवा असतो, लगेच दार बडवणं बरं दिसत नाही. मी सभ्यपणे दहा मिनिटं थांबले. एवढंच सांगते. त्यानंतर त्या मजल्यावरच्या सगळ्या आतल्या कड्या आम्ही काढल्या, आणि एकही मागे राहायला नको म्हणून स्क्रू मी स्वतः मोजून घेतले. आता तुम्हीच सांगा, दादा, मी उत्तराची वाट पाहत थांबायचं कसं, आणि माझ्याच घरात ते लाकूड भोकं पाडून घेत असताना मी बघत राहायचं कसं.

तर चौदा तारीख. ड्रिलचा आवाज ऐकून मी पॅसेजमध्ये आले. चिरंजीव दार उघडं टाकून काम करत होते. मी म्हटलं, हे काय? तर म्हणे, कडी. मी म्हटलं, कशाला? तर म्हणे, लावायला. यावर पुढे काही विचारता येत नाही. मी तोंड फिरवून धुतलेले कपडे उचलले आणि गच्चीत गेले. एकेक कपडा असा झटकला की शेजारची शिंपीणबाई तिच्या दोरीवरचे काढून आत घेऊन गेली. बारा वाजून दहा मिनिटांनी खाली आले तर खोलीचं दार बंद.

आता माझी शिस्त बघा. मनात म्हटलं, ठीक आहे, तुला नियम हवा ना, मी पाळते. वाजवलं. हात मुठीकडे निघाला होता तो दुसऱ्या हातानं धरून ठेवला आणि मोठ्यानं म्हटलं, "मी उत्तराची वाट बघते आहे, कळलं? मी थांबलेली आहे." उत्तर नाही. स्टूल आणून दारासमोर बसले. साडेबाराला पुन्हा वाजवलं. एकला ताट आणून स्टूलवर ठेवलं आणि स्वतः खाली फरशीवर बसले. दीडला त्याच्या मोबाइलवर फोन लावला. तो आत वाजला, पूर्ण वाजला, बंद झाला. दोनला मी मेन स्विच बंद केला. म्हटलं पंखा थांबला की उकाड्यानं तरी ओरडेल. ओरडली ती शिंपीणबाई, कारण मी घाईत तिच्या मशीनची लाइन बंद केली होती. अडीचला त्याच स्टूलवर चढून दारावरच्या काचेतून आत बघायचा प्रयत्न केला. वय सहासष्ट, स्टूलचा एक पाय आखूड. काचेला आतून कागद चिकटवलेला, फक्त वरची दोन बोटं काच मोकळी, तेवढ्यातून मला कपाटाचा माथा दिसला. त्यावर मॅट नव्हती. मी खाली उतरले ती अशी की ताटातली भाजी भिंतीवर गेली.

मॅट नाही, हे माझ्या डोक्यात फिरायला लागलं. माणूस आपली वस्तू का हलवतो? कोणाला देऊन टाकायला. आवरून ठेवायला. वॉर्डात आम्हाला शिकवतात, पेशंट एकदम आवराआवर करू लागला तर लक्ष ठेवा.

तुम्ही विचाराल, एवढा वेळ दार ढकलून का नाही पाहिलं? त्यानंतर सगळ्यांनीच विचारलं. मी म्हटलं, नियम होता. शिंपीणबाईला पटलं. तुम्हाला खरं सांगते. जोवर मी दार ढकलत नव्हते तोवर तो आत रुसून बसलेला होता. ढकललं असतं तर जे असेल ते खरं झालं असतं.

तीनला मी कोपऱ्यावरच्या सुताराला घेऊन आले. म्हटलं, दार फोडा. त्यानं हत्यारांची पिशवी खाली ठेवली, दारावरून हात फिरवला, भिंतीवरच्या भाजीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि मूठ फिरवली. दार उघडलं.

कडी लावलेलीच नव्हती. खोली रिकामी. चादर ताणून घातलेली, फोन उशीपाशी, पडदा बाजूला आणि खिडकी सताड उघडी. आम्ही तिसऱ्या मजल्यावर राहतो, दादा. मी उंबरठ्यावरून पुढे गेले नाही. चाळीस वर्षं मी कुठल्याही खोलीत सगळ्यांच्या आधी शिरले आहे, त्या दिवशी नाही. मी सुताराला म्हटलं, तुम्ही बघा. तो गेला, वाकला, बराच वेळ खाली बघत राहिला (माझ्या हिशेबानं एक वर्ष), आणि म्हणाला, "दोन स्कूटरी आहेत आणि एक मांजर आहे. बाकी काही नाही, बाई." मग तो परत दाराकडे वळला, खिशातून चष्मा काढला आणि कडी निरखत म्हणाला, "ही कुणी बसवली?" मी म्हटलं, मुलानं. तर म्हणे, "फोडायला सांगता होय ही? लाकूड कोरून बसवलीय, बोट फिरवा, अंगाला लागत नाही. आमच्याकडे असा कारागीर मिळत नाही." मी फरशीवर बसून रडत होते आणि तो मला बोट फिरवायला सांगत होता.

त्याच वेळी जिन्यावर पावलं वाजली आणि चिरंजीव आले. तुमचं ड्रिल परत करायला गेले होते. बारा वाजता. तीनपर्यंत तुम्ही त्याला चहा पाजत होतात आणि तुमच्या काउंटरचे अडकणारे खण त्याच्याकडून सरळ करून घेत होतात. तो आपली मॅट घेऊन गेला होता, तुमच्या काउंटरवर पसरून काम करायला. तीन तास मी फरशीवर बसून त्याला मारत आणि जिवंत करत होते, आणि तुम्ही खण उघडबंद करून बघत होतात. एक फोन, दादा. "पोरगा इथे आहे." एवढंच.

तो माझ्यासमोर खाली बसला. म्हणाला, "आई, दार उघडंच होतं." मी म्हटलं, मला काय माहीत? म्हणाला, "ढकलायचं." मी म्हटलं, तूच सांगितलंस ढकलू नको. यावर सुतारानं पिशवी उचलली आणि तो गेला. जाताना त्यानं दार ओढून घेतलं, फार हळू.

मग आम्ही बोललो. सगळं लिहीत नाही. पण एक गोष्ट लिहिते, कारण तिनं माझी चाळीस वर्षांची नोकरी पाण्यात घालवली. तो म्हणाला, "आई, रोज चौदाच कसे आले श्वास, तुला प्रश्न नाही पडला?" मी म्हटलं, निरोगी माणसाचे येतात. म्हणाला, "मी मोजून घ्यायचो. तू घड्याळ धरून उभी असायचीस, पापण्यांतून दिसायचं. एक मिनिट नीट घेतले की तू जायचीस." म्हणजे तू झोपलेला नसायचास? "नाही." कधीच? "दुपारी नाही. रात्री थोडा." दादा, इतक्या वर्षांत माझ्या हातचा एक चार्ट खोटा निघाला नव्हता. पाच महिन्यांच्या नोंदी, दिवसाला चार, आणि सगळ्या पेशंटनं लिहून दिलेल्या. मी घाबरू नये म्हणून तो जागा राहून झोपल्यासारखं करत होता, आणि त्याची झोप बघून मी घाबरत होते.

मग मी त्याला तो प्रश्न विचारला. किती अनोळखी माणसांना मी तो विचारला असेल, आवाज न बदलता, उशाशी उभं राहून, नाडी मोजता मोजता. स्वतःच्या मुलाला विचारायला मला नऊ महिने लागले. तो म्हणाला, विचार येतो कधीकधी. करणार नाही, पण येतो. कडी कशाला, तर कोणी नाकापाशी हात न धरता झोप लागते का, ते त्याला बघायचं होतं. गुरुवारी आम्ही डॉक्टरांकडे गेलो. तो आत, मी बाहेर, बाकावर. तिथल्या तरुण सिस्टरनं मला "आजी, बसा, काळजी करू नका" म्हटलं आणि मी बसले.

आता ठरलं आहे ते असं. मी खोलीत जायचं नाही आणि चार्ट लिहायचा नाही. त्याऐवजी अकरा, एक, तीन आणि पाच वाजता तो आतून दारावर टकटक करील, मला स्वयंपाकघरात ऐकू जाईल एवढी. डॉक्टरांनी कडीबद्दलही सांगितलं, आणि तुमच्याकडे माझी मागणी ती आहे: आतून लागणारी पण अडीअडचणीला बाहेरून नाण्यानं फिरवून उघडता येणारी कडी मिळते, वॉर्डात आम्ही नंतर तशाच बसवल्या होत्या. ती पाठवा आणि तुमची सहा इंची परत घ्या. हे चिरंजीवांच्या संमतीनं आहे. नाणं कुठे ठेवायचं हेही त्यानंच ठरवलं, दाराच्या चौकटीवर, म्हणजे मला स्टूल लागेल आणि चढेपर्यंत विचार करायला वेळ मिळेल. नवी येईपर्यंत जुनी लावायची नाही, असा त्यानं शब्द दिला आहे. तो शब्द पाळतो. घरात न पाळणारी मीच.

झाल्या प्रकाराबद्दल तुमचा लेखी खुलासा मला हवा आहे. शुक्रवार, चोवीस ऑक्टोबर, दुपारी बाराच्या आत.

वहिनींना नमस्कार. गोळी सकाळीच.

तुमची धाकटी बहीण

ता. क. हे पत्र पोस्टानं पाठवता आलं असतं. चिरंजीवांच्या हाती पाठवते आहे, कारण उद्या मंगळवार, त्याचा बाहेरच्या कामांचा दिवस, आणि त्याला बाहेर पडायला कारण लागतं. पाकीट चिकटवलेलं आहे. तो उघडणार नाही, तो माझ्यावर गेलेला नाही. उत्तर लगेच देऊ नका. "लिहितो, बस जरा" म्हणा आणि दोन तास बसवून ठेवा. काहीतरी अडकलेलं द्या. तुमच्या दुकानात इतक्या वर्षांत सरळ चाललेलं काही मी पाहिलेलं नाही, तेव्हा ददात पडणार नाही. मंगळवार आणि शुक्रवार, दोन्ही दिवस. तीन तास तुमच्याकडे बसला त्या रात्री त्यानं दुसऱ्यांदा वाढून घेतलं. मी लिहिलं हे त्याला सांगायचं नाही.

ता. क. दोन. खुलाशात काय लिहायचं ते सुचलं नाही तर क्रिकेटवर लिहा. पण दोन पानं लिहा, म्हणजे वेळ जाईल.

ता. क. तीन. तीन वाजले. टकटक नाही. भिंतीवरचं घड्याळ थोडं पुढे आहे. तीन वाजून चार मिनिटं. पेन हातात आहे तोवर मी खुर्चीतून उठत नाही, म्हणून लिहिते आहे, अक्षराकडे बघू नका. तीन वाजून सात. कडी लावायची नाही असा शब्द आहे, म्हणजे दार नुसतं लोटलेलं आहे, म्हणजे ढकललं तर उघडेल. तीन वाजून नऊ. आता पॅसेजमध्ये उभी आहे, कागद भिंतीवर धरून लिहिते आहे. भाजीचा डाग अजून आहे. दार वाजवलं. थांबले आहे. दोन्ही हात कामात आहेत, एकात कागद, एकात पेन, ते बरं आहे.

तीन वाजून बारा. आतून आवाज आला. जड, घोगरा, शाळेत असताना सकाळी उठवलं की यायचा तसा. म्हणाला, "आई, सॉरी. झोप लागली होती."

नऊ महिन्यांत पहिल्यांदा त्याला दुपारी झोप लागली, दादा, आणि ती मी मोडली. मी म्हटलं, झोप, झोप, आणि पळत स्वयंपाकघरात आले. तीनची टकटक मी रद्द केली आहे. पाचची कायम आहे.

उत्तर शुक्रवारी दुपारी बाराच्या आत, लेखी, त्याच्याच हाती. फोन करू नका. घरात माणूस झोपलेलं असतं.